पंचगंगेच्या पाण्याने जीन्सना इजा होते का, हे फळमाश्यांवर तपासता येईल का? आणि तो निकाल माणसाला लागू होतो का?

तपासता येतं. मी केलंय. एमएस्सीच्या प्रोजेक्टला हेच होतं आणि व्हायवात त्यावरून जी चंपी झाली ती अजून डोक्यातनं जात नाही, त्यामुळे उत्तर लांबणार, आधीच सांगते.

फळमाशी म्हणजे आंब्यावरची नव्हे हां, ती वेगळी. ही पिकल्या केळ्यावर घोंघावणारी बारकी चिलटं, ड्रोसोफिला. तिच्या पंखाच्या प्रत्येक पेशीला एकच केस असतो. बापाकडून 'एका पेशीला तीन-चार केस' वाला जीन आणि आईकडून 'आखूड, फिस्कटलेला केस' वाला, असे दोन एकाच अळीत आणायचे. दोन्ही रिसेसिव्ह, म्हणजे जोडीला चांगला जीन असला की दबून राहणारे, म्हणून पंख नॉर्मलच दिसतो. अळी ७२ तासांची झाली की तिला तुमच्या नदीच्या पाण्यात भिजवलेलं कोरडं खाद्य द्यायचं (शिजवायचं नाही, उडून जाणारी केमिकल्स जातात), कोषात जाईपर्यंत ती तेच खाते. तेवढ्यात पंखाच्या एखाद्या पेशीतला चांगला जीन गेला की तिच्या सगळ्या पिल्लावळीचा ठिपका माशीच्या पंखावर मायक्रोस्कोपच्या ४०० पटीखाली दिसतो. ठिपका जितका मोठा तितकी इजा आधीची.

मी पाणी तीन ठिकाणचं आणलं: गावाच्या वरचं, नाला मिळतो तिथलं आणि बरंच खालचं. सकाळी सहाला लॅबमध्ये, कारण क्रॉससाठीच्या माद्या कोषातून बाहेर आल्यापासून आठ तासांच्या आत वेगळ्या काढायच्या, नाहीतर त्यांचं लग्न आधीच लागलेलं असतं. कोवळी मादी फिकट असते, पोटात काळपट ठिपका दिसतो, त्यावरून ओळखायची. ईथर जरा जास्त झालं की माशी पंख ताठ पसरून मरते. अशा किती मारल्या मोजल्या नाहीत.

आणि मग घोळ झाला. डिस्टिलेशनची कॉइल जळालेली, म्हणून कंट्रोलला, म्हणजे तुलनेसाठीचं स्वच्छ पाणी म्हणून, कॉलेजच्या नळाचं पाणी वापरलं. ते पाणी त्याच नदीचं, वरच्या अंगाला उपसून क्लोरीन मारलेलं. ठिपके मोजले तर नळावाल्या माश्यांना नाल्यावाल्यांइतकेच! मॅडम म्हणाल्या कंट्रोल बिघडलं, परत कर. मेडिकलमधून डिस्टिल्ड वॉटर आणून परत केलं, ठिपके कमी आले. म्हणजे बिघडलं काय होतं, कंट्रोल की नळाचं पाणी? नळाचा कॉलम थिसिसमधून काढ असं सांगितलं, मी काढला नाही. एक्स्टर्नल सर म्हणाले, चिलटं मोजून नदी कळत असती तर बीओडी-सीओडी (प्रदूषणाची नेहमीची मापं) कशाला मोजलं असतं? तेव्हा गप्प बसले. आता सांगते: बीओडी म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते तेवढंच, डीएनएबद्दल तो एक अक्षर बोलत नाही. आणि घाण असलेल्या पाण्यात क्लोरीन टाकला की त्यातून म्युटेशन घडवणारे पदार्थ तयार होतात, हे बॅक्टेरियावरच्या टेस्टमध्ये आधीच दिसलेलं आहे. मी काही जगावेगळं म्हणत नव्हते.

माणसाला लागू का? थेट नाही. पण काही केमिकल्स शरीरात गेल्यावरच विषारी बनतात, आणि त्यांना तसं बनवणारी एन्झाइम्स माशीकडेही आहेत, म्हणून ती बॅक्टेरियापेक्षा आपल्या जवळची. निगेटिव्ह आलं म्हणजे पाणी शुद्ध असं मात्र नाही, नदीत सगळं पातळ झालेलं असतं. आणि फारच घाण पाणी असेल तर अळ्याच मरतात, मोजायला पंख उरत नाहीत.

घरी मात्र जमणार नाही, या जीन्सच्या माश्यांचे स्टॉक (जपलेले वाण) केळ्यावर येत नाहीत. म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं स्टॉक सेंटर आहे, तिथे विचारून बघा. नळाचं पाणी कंट्रोल म्हणून नको, सँपल म्हणून घ्या, आणि कोणी तो कॉलम काढायला सांगितलं तर का ते लेखी मागा.

हो, एक राहिलंच. माझ्या माश्या थोड्या होत्या, एकेका पाण्याला चाळीसच. आणि कुठली स्लाइड कुठल्या पाण्याची हे मोजताना मला माहीत होतं. तुम्ही लेबलं झाकून दुसऱ्या कुणाकडून नंबर घालून घ्या. एक्स्टर्नलनी खरं तर मला हे विचारायला हवं होतं. ते चिलटांवरच हसत बसले.