बत्तीसच्या काडतुसाचा लोभ

प्रश्न : माझे काका आजही पॉइंट बत्तीसच्या (म्हणजे सुमारे ०.३२ इंच व्यासाच्या गोळीच्या) रिव्हॉल्व्हरनेच नेमबाजीचा सराव करतात. नऊ मिलिमीटरचा जमाना असताना या जुनाट काडतुसात असे काय आहे? — एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : पहिले कारण कायद्याचे आहे, आपल्याकडे सामान्य परवानाधारकाला नऊ मिलिमीटरचे शस्त्र मिळतच नाही. पण काकांचा जीव जडला आहे तो वेगळ्याच गोष्टीवर. १८९६ साली आलेले .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे काडतूस ताकदीने बेताचेच आहे आणि तोच त्याचा गुण आहे, कारण झटका इतका सौम्य असतो की बार झाल्यावरही मनगट फारसे उचलले जात नाही आणि नजर लगेच पुन्हा माशीवर, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेवर, स्थिरावते. सरावासाठी त्यात सपाट तोंडाची शिशाची गोळी वापरतात, जी पितळी पुंगळीच्या काठाशी जवळजवळ समतल बसवलेली असते. टोकदार गोळी कागद फाडत जाते. ही मात्र पंचिंग मशीनसारखे स्वच्छ, गोल छिद्र पाडते, त्यामुळे छिद्र लक्ष्यावरच्या गुणांच्या रेषेला लागले की नाही, हा वाद उरत नाही. (हा वाद किती रंगतो, हे नेमबाजांनाच विचारावे!) २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल (बुडाच्या मध्यभागी ठिणगीची टोपी असलेल्या काडतुसांच्या) स्पर्धाप्रकारात जागतिक दर्जाचे नेमबाजही हेच काडतूस पसंत करतात, फक्त ते बहुधा रिव्हॉल्व्हरऐवजी पिस्तुलातून झाडतात. स्वसंरक्षणासाठी ते तोकडे आहे, हा आक्षेप खरा आहे. काकांना त्यांचा जुना लक्ष्यकागद दाखवायला सांगा आणि छिद्रांच्या कडा उजेडात धरून पाहा.