वाचकांचे प्रश्न : त्यांनी ते काम नेमकं केलं कसं?

गाजलेल्या स्त्रियांच्या चरित्रांविषयी आलेल्या पत्रांत 'त्यांनी किती सोसलं' हा सूर मोठा होता. त्याबद्दल चरित्रांत भरपूर मिळतं. आम्ही इथे 'केलं कसं' असं विचारणारी पत्रं आधी घेतली आहेत.

प्रश्न : मेरी क्युरी वर्षानुवर्षं कढईत काहीतरी ढवळत होत्या असं प्रत्येक पुस्तकात असतं. काय ढवळत होत्या? वर्गात मुलांना टप्पे सांगायचे तर कसे सांगू? (विज्ञान शिक्षिका)

उत्तर : बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) योआखिमस्थालच्या खाणीतून पिचब्लेंड नावाचं खनिज निघे. त्यातलं युरेनियम काच रंगवण्यासाठी काढून घेत आणि उरलेला चोथा टाकून देत. पाइनची सुईसारखी पानं मिसळलेला तो तपकिरी चोथा पोत्यांतून पॅरिसला आला. क्युरींच्या शेडमध्ये एका वेळी सुमारे वीस किलो माल घेतला जाई.

मुलांना टप्प्यांच्या आधी एक गोष्ट सांगा. शोधत असलेला पदार्थ, रेडियम, डोळ्यांना दिसत नव्हता, त्याचा रंग किंवा वास माहीत नव्हता. माहीत होता तो फक्त किरणोत्सर्ग. म्हणून प्रत्येक रासायनिक क्रियेनंतर दोन्ही भाग, गाळ आणि द्रावण, इलेक्ट्रोमीटरने (विद्युतभार मोजणाऱ्या उपकरणाने) मोजायचे आणि जिथे किरणोत्सर्ग गेला तो भाग पुढे न्यायचा. हे मोजमाप नसतं तर बाकीची सगळी मेहनत आंधळी ठरली असती.

आता टप्पे. चोथ्यातलं रेडियम सल्फेटच्या रूपात असतं आणि रेडियम सल्फेट जवळजवळ कशातच विरघळत नाही. त्याचा फायदा आधी घ्यायचा. चोथा तीव्र अल्कलीत उकळून धुवायचा आणि मग हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायचा. बरेचसे इतर धातू द्रावणात जातात, रेडियम आणि बेरियम गाळात राहतात. मग तो गाळ सोडियम कार्बोनेटच्या तीव्र द्रावणात उकळायचा, म्हणजे सल्फेटचं कार्बोनेट होतं आणि कार्बोनेट आम्लात विरघळतं. मधली धुलाई इथे फार जपून करावी लागते. सल्फेटचा अंश शिल्लक राहिला, तर आम्ल घालताक्षणी बेरियम-रेडियम सल्फेट पुन्हा खाली बसतं आणि हवा तो माल गाळासोबत फेकला जातो. नीट झालं तर द्रावण गाळून त्यात गंधकाम्ल घालायचं. एक टन चोथ्यातून दहा ते वीस किलो कच्चं सल्फेट मिळे, युरेनियमच्या तीस ते साठ पट सक्रिय, म्हणजे किरणोत्सर्गी. ते शुद्ध करून सुमारे आठ किलो क्लोराइड हाती येई, आणि त्यात जवळजवळ सगळं बेरियमच असे.

बेरियम आणि रेडियमचे रासायनिक गुण इतके सारखे की अवक्षेपणाने (द्रावणातून गाळ खाली बसवून) ते वेगळे होत नाहीत. रेडियम क्लोराइड बेरियम क्लोराइडपेक्षा जरा कमी विरघळतं, एवढाच फरक. गरम पाण्यात संपृक्त द्रावण करायचं, थंड होऊ द्यायचं आणि स्फटिकांवरचं पाणी ओतून घ्यायचं. सुरुवातीला स्फटिक वरच्या द्रावणाच्या सुमारे पाच पट सक्रिय निघत. स्फटिक पुन्हा विरघळवायचे, वरचं पाणी त्याच्याहून कमी सक्रिय भांड्यात ढकलायचं, आणि अशी भांड्यांची रांग चालवत राहायची. एका टोकाला निष्क्रिय झालेला भाग टाकायचा, दुसऱ्या टोकाचा समृद्ध भाग काढून ठेवायचा. माल कमी होत जाई तसं काम अवघड होई, कारण चमचाभर द्रावणात शेडमधली लोखंडाची आणि कोळशाची धूळ पडली तरी पंचाईत. विद्राव्यता आणखी कमी करण्यासाठी शेवटी साध्या पाण्याऐवजी आम्लयुक्त पाणी वापरत.

हाती आलं किती? १९०२ मध्ये एक दशांश ग्रॅम क्लोराइड. त्यावरून अणुभार २२५ काढला, आज आपण २२६ धरतो. अपेक्षेपेक्षा कमी वाटेल, पण एक टन युरेनियम असलेल्या खनिजात रेडियम जेमतेम एक तृतीयांश ग्रॅम असतं.

दोन गोष्टी पुस्तकांत हमखास चुकतात. १९०२ मध्ये मिळालं ते क्लोराइड. धातू १९१० मध्ये, सहकारी आंद्रे देबिएर्न यांच्यासोबत. आणि सगळे टन त्यांनी एकटीने ढवळले नाहीत. मोठ्या प्रमाणावरची पहिली प्रक्रिया पुढे कारखान्यात, देबिएर्न यांच्या देखरेखीखाली होऊ लागली. स्फटिकीकरणाचं चिकाटीचं, डोळ्यांत तेल घालून करायचं काम मात्र क्युरींचं. चित्रात कढई छान दिसते, शोध लागला तो या भांड्यांच्या रांगेत.

कोणी विचारेलच की क्युरींनीच आधी जाहीर केलेलं दुसरं किरणोत्सर्गी मूलद्रव्य, पोलोनियम, का नाही वेगळं केलं? त्याचा अर्धायुकाल १३८ दिवसांचा. साडेचार महिन्यांत निम्मा माल संपतो. रेडियमला निम्मं व्हायला सुमारे १,६०० वर्षं लागतात.

प्रश्न : शाळेच्या भिंतीवर 'पहिली भारतीय स्त्री डॉक्टर' असा फलक करायचा आहे. कोणी आनंदीबाई जोशी म्हणतं, कोणी कादंबिनी गांगुली, कोणी रखमाबाई. काय लिहावं?

उत्तर : 'पहिली' या शब्दापुढे अट लिहिली की भांडण संपतं. आनंदीबाईंनी ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियातल्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. मिळवली. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ केली होती, पण क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वय २१. म्हणजे पदवी आहे, व्यवसाय नाही. कादंबिनी गांगुली त्याच वर्षी, १८८६ मध्ये, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तीर्ण झाल्या आणि कलकत्त्यात प्रत्यक्ष रुग्ण तपासू लागल्या. रखमाबाईंचं लंडनमधलं शिक्षण १८९४ मध्ये पुरं झालं. नंतर सुरतेत आणि पुढे इतरत्र त्यांनी कित्येक दशकं काम केलं.

फलकावर असं लिहा : 'आनंदीबाई जोशी, परदेशात पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी घेणारी पहिली भारतीय स्त्री', 'कादंबिनी गांगुली, भारतात शिकून भारतातच वैद्यकी करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक'. रखमाबाईंना 'पहिली' म्हणायची गरजच नाही. त्यांचं नाव दीर्घ सेवेसाठी लिहा.

फलकावर फोटो लावणार असाल तर सावध राहा. साडीतल्या आनंदीबाई, किमोनोतल्या केई ओकामी आणि सीरियन वेशातल्या सबात इस्लामबुली यांचा जो फोटो सगळीकडे फिरतो, तो ऑक्टोबर १८८५ चा आहे. त्याखाली 'तीन पदवीधर' असं लिहिलेलं असतं, ते चूक. तेव्हा तिघीही विद्यार्थिनी होत्या. ओकामींना पदवी १८८९ मध्ये आणि इस्लामबुलींना १८९० मध्ये मिळाली.

प्रश्न : फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा गोल तक्ता मी संगणकावर पुन्हा काढला. माझ्या तक्त्यात जखमांनी झालेल्या मृत्यूंचा लाल भाग जवळजवळ दिसतच नाही, मूळ चित्रात तो दिसतो. चूक कुठे?

उत्तर : तुम्ही आकडा थेट त्रिज्येला दिला असणार. या तक्त्यात आकडा क्षेत्रफळाचा आहे.

जानेवारी १८५५ घ्या. क्रिमियाच्या युद्धातलं ब्रिटिश सैन्य ३२,३९३. साथीच्या व टाळता येण्याजोग्या रोगांचे मृत्यू २,७६१, जखमांचे ८३, इतर कारणांचे ३२४. पहिली पायरी, वार्षिक दर काढणं : महिन्याचे मृत्यू गुणिले १२ गुणिले १,०००, भागिले सैन्यसंख्या. रोगांचा दर येतो हजारी १,०२२.८, जखमांचा ३०.७, इतर १२०. रोगांचा दर हजाराच्या वर कसा, असं वाटेल. अर्थ एवढाच की त्या महिन्याच्या गतीने मृत्यू होत राहिले आणि नवी कुमक आली नाही, तर वर्षभरात अख्खं सैन्य रोगानेच संपेल. सैन्यसंख्येने भागल्याशिवाय निरनिराळ्या महिन्यांची तुलना करता येत नाही, कारण सैन्य सतत कमी-जास्त होत होतं.

दुसरी पायरी : बारा महिन्यांचे बारा भाग, प्रत्येकी ३० अंशांचे. त्रिज्या दराच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. रोगांची त्रिज्या १० सें.मी. धरली, तर इतर कारणांची ३.४ आणि जखमांची १.७ सें.मी. येते. तुम्ही थेट आकडा दिलात तर जखमांची त्रिज्या तीन मिलिमीटर होते आणि क्षेत्रफळांतला फरक ३३ पटींऐवजी हजारहून अधिक पटींचा दिसतो.

तिसरी गोष्ट बहुतेक सॉफ्टवेअर चुकवतं : रंग एकावर एक रचायचे नाहीत. निळा (रोग), लाल (जखमा), काळा (इतर कारणं), तिन्ही केंद्रापासून मोजलेले आणि एकमेकांवर ठेवलेले असतात. म्हणून आधी मोठा भाग रंगवा, मग लहान. काही महिन्यांत लहानमोठ्याचा क्रम बदलतो. नोव्हेंबर १८५४ मध्ये काळा भाग लालाच्या आत जातो, म्हणून मूळ चित्रात लालावर एक काळी रेघ ओढली आहे. तिला छपाईतला डाग समजू नका. आणि वर्तुळं दोन : एप्रिल १८५४ ते मार्च १८५५ उजवीकडे, पुढचं वर्ष डावीकडे.

या चित्रातून 'नाइटिंगेल पोचल्या आणि मृत्यू थांबले' असं मात्र वाचू नका. त्या नोव्हेंबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात पोचल्या आणि सर्वांत मोठा निळा भाग त्यानंतरच्या जानेवारीचा आहे. इस्पितळाखालची गटारं तुंबली होती. मार्च १८५५ मध्ये आलेल्या आरोग्य-आयोगाने ती साफ केली, हवा खेळती केली, त्यानंतर आकडे झपाट्याने उतरले. हे त्यांनी स्वतः आकड्यांतून ओळखलं आणि १८५८ मध्ये सरकारपुढे मांडलं. हातात दिवा घेतलेल्या बाईपेक्षा ही बाई आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते.

प्रश्न : जर्मन संगीतकार भाऊ फेलिक्स मेंडेल्सोन यांच्या नावाने छापलेली फॅनी यांची गाणी कोणती? ती वेगळी गायची आहेत.

उत्तर : सहा आहेत. ओपस (संगीतकाराच्या प्रकाशनाचा क्रमांक) ८ मधली क्रमांक २, ३ आणि १२. ओपस ९ मधली ७, १० आणि १२. राणी व्हिक्टोरियाने १८४२ मध्ये फेलिक्ससमोर आवडतं म्हणून गायलेलं गाणं ओपस ८ मधलं तिसरं, आणि ते आपल्या बहिणीचं असल्याचं फेलिक्सनी तिथेच कबूल केलं. फॅनींच्या स्वतःच्या नावाने ओपस १ निघालं १८४६ मध्ये. पुढच्या मे महिन्यात त्या गेल्या. जुन्या हस्तलिखितांवर नुसतं 'एफ. मेंडेल्सोन' असेल तर घाई करू नका. १९७० मध्ये सापडलेला ईस्टर सोनाटा चाळीस वर्षं फेलिक्सचा मानला गेला. २०१० मध्ये हस्ताक्षर आणि पानांचे क्रमांक तपासल्यावर ती पानं फॅनींच्याच वहीतली ठरली.

प्रश्न : हेन्रिएटा लेव्हिट यांनी दुर्बिणीला डोळा न लावता ताऱ्यांची अंतरं कशी काढली?

उत्तर : अंतरं त्यांनी काढली नाहीत, अंतर काढण्याची मोजपट्टी दिली. पेरूमधल्या आरेकिपा इथे घेतलेल्या काचेच्या छायाचित्र-पट्ट्या अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत येत. पट्टीवर तारे काळे ठिपके असतात. एका रात्रीची उलटी, म्हणजे पांढऱ्या ताऱ्यांची प्रत करून ती दुसऱ्या रात्रीच्या पट्टीवर नेमकी ठेवायची. तेज बदललं नसेल तर काळा-पांढरा एकमेकांना झाकतात; बदललं असेल तर कडा दिसते. अशा रीतीने १९०८ पर्यंत मॅगेलनी मेघांतले (आपल्या आकाशगंगेजवळच्या दोन लहान दीर्घिकांतले) १,७७७ बदलते तारे त्यांनी नोंदले.

१९१२ मध्ये लहान मेघातल्या २५ ताऱ्यांचा आलेख आला : आवर्तनाचा काळ जितका मोठा, तितका तारा तेजस्वी. ते सगळे एकाच मेघात, म्हणून आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर. त्यामुळे दिसणाऱ्या तेजाचा क्रम हाच खऱ्या तेजाचाही क्रम. लेख निघाला तो संचालक पिकरिंग यांच्या सहीने, पण पहिल्याच वाक्यात तो मिस लेव्हिट यांनी तयार केल्याचं नमूद आहे. मोजपट्टीचा शून्यबिंदू, म्हणजे खरं अंतर सांगणारा आरंभबिंदू, पुढच्या वर्षी खगोलशास्त्रज्ञ हर्ट्झस्प्रुंग यांनी बसवण्याचा प्रयत्न केला. या ताऱ्यांचे दोन प्रकार आहेत हे १९५० च्या आसपास वाल्टर बाडे यांनी दाखवलं, तेव्हा दीर्घिकांची अंतरं एकदम दुपटीच्या घरात गेली. नोबेलसाठी लेव्हिट यांचं नाव सुचवण्याच्या हेतूने १९२५ मध्ये पत्र आलं. त्या १९२१ मध्येच वारल्या होत्या.

प्रश्न : एडा लव्हलेस यांचा प्रोग्राम मी जसाच्या तसा चालवला, उत्तर चुकीचं येतं. कॉपी चुकली का?

उत्तर : तुमची नाही. चार्ल्स बॅबेज यांच्या नियोजित गणनयंत्रावर लव्हलेस यांनी १८४३ मध्ये लिहिलेल्या टिपांमधल्या शेवटच्या, 'जी' टिपेत बर्नूली संख्या (गणितातली एक ठरावीक संख्यामालिका) काढण्याचा तक्ता आहे, त्यात २५ क्रिया आहेत. चौथ्या क्रियेत भागाकार उलटा छापला आहे : पाचव्या चलाला चौथ्याने भागा असं आहे, हवं ते चौथ्याला पाचव्याने. शेजारच्या रकान्यातलं फळ बरोबर दिलंय, त्यावरून ताडता येतं. एवढं सुधारून चालवलंत तर १/३० येईल. मूळ समीकरणात सगळ्या पदांची बेरीज शून्य आहे, म्हणून २४ व्या क्रियेत बेरजेऐवजी वजाबाकी करा, म्हणजे बर्नूली संख्या बरोबर −१/३० मिळेल. त्या ज्याला सातवी म्हणतात ती आजच्या मोजणीत आठवी, हेही तपासताना लक्षात असू द्या. आणि मित्रांना सांगताना 'जगातला पहिला प्रोग्राम' म्हणण्याऐवजी 'छापून आलेला पहिला' म्हणा. बॅबेज यांनी अशा काही छोट्या मांडण्या आधीच कागदावर केल्या होत्या, पण प्रसिद्ध केल्या नव्हत्या.