सासूबाईंसाठी हॉट अँड कोल्ड एसी घ्यावा का?

प्रश्न : आम्ही परभणीला वरच्या मजल्यावर राहतो, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत भिंती तापलेल्या आणि डिसेंबरात सासूबाईंना अशी हुडहुडी भरते की कोळशाची शेगडी खोलीत घेऊनच झोपते म्हणतात. दुकानदार म्हणतो हॉट अँड कोल्ड एसी घ्या, एका आउटडोअरवर दोन्ही खोल्या होतील. घ्यावा का?

उत्तर : ताई, एसीचं नंतर बघू, ती शेगडी आजच बाहेर काढा. दारं-खिडक्या लावून कोळसा पेटवला की कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो, झोपेत माणूस गेलेलं कळतसुद्धा नाही.

आता एसी. हॉट अँड कोल्ड म्हणजे तोच स्प्लिट एसी, फक्त आत एक व्हॉल्व्ह असतो जो गॅसचा रस्ता उलटा फिरवतो, मग बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून खोलीत सोडली जाते. उष्णता तयार करायची नाही, नुसती उचलून आणायची, म्हणून वीज कमी लागते. २००० वॅटचा रूम हीटर चार तास लावला तर ८ युनिट जातात, आपल्याकडच्या थंडीत तेवढीच ऊब हा एसी साधारण पावणेतीन युनिटात देतो. म्हणजे दिवसाला पाचेक युनिट वाचले. पण आपल्याकडं खरी थंडी किती, दीड-दोन महिने, सगळे मिळून सव्वादोनशे-तीनशे युनिट झाले, त्याला तुमच्या बिलावरच्या दरानं गुणा आणि साध्या एसीपेक्षा हा किती महाग पडतो ते बघा, चार-पाच वर्षांत फरक निघत असेल तर खुशाल घ्या. नाहीतर साधा इन्व्हर्टर एसी आणि थंडीत हीटर, त्यात काही कमीपणा नाही.

आणि इन्व्हर्टर लिहिलंय म्हणजे गरम हवा येतेच असं नाही बरं का, रिमोटवर हीट मोड आहे का ते दुकानातच चालू करून बघा. एसीवरचे वीजबचतीचे स्टारसुद्धा फक्त कूलिंगचे असतात.

एका आउटडोअरवर दोन खोल्या मला तरी पटत नाही, ते एक बिघडलं की ऐन मे महिन्यात दोन्ही खोल्या बंद. सासूबाईंच्या खोलीला एकच चांगला घ्या, १२ बाय १२ ची असली तरी वर स्लॅब आहे म्हणून दीड टन. दुसऱ्या खोलीत कूलर ठेवा, आपला उन्हाळा कोरडा असतो, मस्त चालतो, पाऊस सुरू झाला की मात्र चिकचिक. स्लॅबला पांढरा उष्णतारोधक रंग तर एसीच्या आधी मारा.

बसवायला येणाऱ्याकडं पाइपातली हवा खेचून काढणारा व्हॅक्यूम पंप आहे का ते आधीच विचारा. पंपाऐवजी एसीतला गॅस सोडूनच हवा काढतो म्हणाला तर थांबवा, हल्ली बऱ्याच एसीत आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो.