गोल्फचा सेट हवाय, पण हप्ते झेपत नाहीत: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: नमस्कार दादा, मी पिंपरीला एका कंपनीत कामाला आहे, वय 34. मागच्या वर्षी साहेबांबरोबर पहिल्यांदा गोल्फच्या सरावाच्या रेंजवर गेलो आणि तेव्हापासून वेडच लागलंय. दर रविवारी पहाटे उठून जातो, तिथल्याच भाड्याच्या क्लबांनी, म्हणजे गोल्फच्या काठ्यांनी, मारतो. आता स्वतःचा सेट हवासा वाटतोय. दुकानात विचारलं तर बॅगेसकट दीड लाख, आणि दुकानदार म्हणतो 18 हप्ते करून देतो, महिन्याला 9,200. बायको म्हणते एवढ्यात मुलीची वर्षाची फी निघेल. तिचंही खरंय. काय करू?

उत्तर: आधी पाटीवर हिशोब मांडू. 9,200 गुणिले 18 म्हणजे 1,65,600, म्हणजे 15,600 रुपये तुम्ही निव्वळ व्याजाचे देणार, आणि त्यातून बॉल एक मीटरही लांब जाणार नाही. त्याहून मोठी अडचण म्हणजे ते दीड वर्ष रेंजवर सरावाच्या बॉलची बादली, ग्रीन फी (मैदानावर खेळायची फी), कॅडीचे (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाचे) पैसे हे सगळं कुठून आणणार? घरात कोपऱ्यात नवाकोरा सेट उभा आणि रविवारी खेळायला खिशात पैसे नाहीत, असं झालेले दोघंतिघं मी जवळून पाहिलेत, त्यातल्या एकाने तर खेळच सोडला, आणि मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून माझं स्पष्ट मत, हप्त्यावर सेट घेऊ नका.

आणि पूर्ण सेट लागतो कुणाला हो? बॅगेत 14 च्या वर क्लब नकोत एवढाच नियम आहे, कमीत कमी किती याला काही नियम नाही. तो 14 चा नियमसुद्धा अमेरिकेत 1938 साली आला. त्याआधी, 1916 ला अमेरिकेच्या चिक इव्हान्सने गोल्फची यूएस ओपन जिंकली ती फक्त सात क्लब घेऊन. तुम्हालाही सातच पुरतील: लांब मारायला एक ड्रायव्हर किंवा 5 वुड आणि एक हायब्रिड, मधल्या अंतराला 6 आणि 8 नंबरचं आयर्न, जवळून उंच उचलायला पिचिंग वेज, वाळूतून काढायला सँड वेज आणि भोकात ढकलायला पटर. यालाच आपल्याकडे हाफ सेट म्हणतात, आणि तो जुना घ्या.

जुना कुठे मिळेल तर जिथे खेळता तिथेच. काही मेंबर मंडळी दोनतीन वर्षांनी सेट बदलतात, जुना घरी पडून राहतो, आणि कुणाचा कुठे पडलाय हे कॅडी लोकांना बरोबर माहीत असतं. कॅडी मास्टरला सांगून ठेवा, तिथल्या प्रोला (शिकवणाऱ्या व्यावसायिक खेळाडूला) सांगा. ज्याने मिळवून दिलं त्याला त्याचे पैसे आठवणीने द्या, त्याची मेहनत असते त्यात.

जुना ड्रायव्हर घ्यायला लोक घाबरतात. पण ड्रायव्हरच्या डोक्याला 460 सीसीची मर्यादा 2004 पासूनच आहे, आणि फेसने (डोक्याच्या बॉलला लागणाऱ्या बाजूने) बॉल किती उसळवायचा त्यालाही मर्यादा आहे, त्यामुळे दहा वर्षं जुना चांगला ड्रायव्हर आणि यंदाचा यात दुकानदार सांगतो तेवढं अंतर नसतं. बघायचं ते हे: डोकं हलवून बघा, आत काही खुळखुळतंय का, डोकं आणि शाफ्ट (दांडा) जुळतात तिथे चीर आहे का, ग्रॅफाइट शाफ्टवर नख फिरवा म्हणजे बारीक तडा असेल तर लागतो, आयर्नच्या फेसवरच्या रेघा पार गुळगुळीत झाल्यात का. वेजच्या तर नक्की बघा कारण ती सगळ्यात जास्त झिजते. ग्रिप (हातात धरायची मूठ) कडक झाली असेल तर भाव पाडून घ्या पण तेवढ्यासाठी सेट सोडू नका, ग्रिप बदलता येते, आणि नुसती मळली असेल तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने घासली तरी पुष्कळ सुधारते.

एक मात्र चुकू नका, शाफ्टचा फ्लेक्स, म्हणजे ती किती वाकते ते. विकणारे सत्तरीचे काका असतील तर शाफ्ट सिनियर फ्लेक्सची असण्याची शक्यता जास्त, तुमच्या वयाच्या जोरात मारणाऱ्या माणसाला ती फार मऊ पडेल. म्हणून एक बादली मारून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑनलाइन अर्ध्या किमतीत नवा सेट दिसला तर लांब राहा, डुप्लिकेट क्लब फार फिरतात.

पैशाचं म्हणाल तर महिन्याला 3,000 ची आरडी काढा, दहा महिन्यांत 30,000 होतात, आणि वहिनींना आकडा आधीच सांगून ठेवा म्हणजे घरात ताण नको. तोवर पटर आणि 7 आयर्न एवढेच दोन घ्या. मोठा गोल्फर सेव्ह बॅयेस्टेरोस स्पेनमध्ये पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर खेळ शिकला तो भावाने दिलेल्या एका 3 आयर्नवर.

प्रश्न: दादा, आम्ही चेंबूरला राहतो. मिस्टर कॅडी आहेत, मुलगा 11 वर्षांचा, डावखुरा. एक साहेब जुनं 7 आयर्न देतायत, मिस्टर म्हणतात कापून लहान करू. चालेल का? आणि डाव्या हाताचे क्लब तर कुठेच मिळत नाहीत.

उत्तर: ताई, तुमच्याच चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लबच्या आसपासच्या वस्तीतली पोरं बांधकामाची सळई वाकवून क्लब करतात आणि गल्लीत प्लास्टिकच्या बॉलने खेळतात, जगभरातल्या फोटोग्राफरनी त्यांचे फोटो काढलेत. मुलाला साधनाशिवाय खेळायची ताकद कुठून येते हे मी तुम्हाला काय सांगणार.

कापायला हरकत नाही, पण शाफ्ट आखूड केली की ती कडक होते आणि मोठ्या माणसाचं डोकं पोराला जड लागतं, मग तो अंगाने ओढून मारायला शिकतो आणि ती सवय पुढे सुटत नाही. त्या साहेबांना विचारून बघा, घरी बाईंचा ग्रॅफाइट शाफ्टवाला क्लब पडलाय का, तो हलका असतो, कापला तरी बरा. एकदम कापू नका, थोडं थोडं कापून पोराच्या हातात देऊन बघा. आणि साहेबांच्या मुलांचे ज्युनियर सेट वर्षादोन वर्षांत लहान पडतात, तेही मागा, मागण्यात लाज कसली.

डाव्या हाताचं म्हणाल तर अमेरिकेचा नामवंत गोल्फर फिल मिकलसन बाकी सगळं उजव्या हाताने करतो, गोल्फ तेवढा डावा, कारण वडिलांसमोर उभं राहून आरशासारखं शिकला. म्हणजे लिहायचा हात आणि गोल्फचा हात एकच हवा असं काही नाही. पोराने अजून सुरुवात केली नसेल तर उजव्या क्लबने महिनाभर मारू द्या. पण तो आधीच डावा झकास मारत असेल तर स्वस्त मिळतो म्हणून हात बदलू नका हो, थोडं थांबा. आपला गोल्फर एस. एस. पी. चौरसिया, त्याचे वडील रॉयल कलकत्ता क्लबवर ग्रीनकीपर (मैदानाचं गवत राखणारे) होते, पोरगा तिथेच बघूनबघून शिकला, आणि 2016 आणि 2017 ला लागोपाठ इंडियन ओपन जिंकला, तेही मुख्यतः चिपिंग (भोकाजवळचे छोटे फटके) आणि पटिंगच्या जोरावर. तुमच्या मुलालाही वेज आणि पटर आधी द्या, त्याला ताकद लागत नाही, आणि मिस्टर रोज ग्रीन वाचतात, म्हणजे भोकाभोवतीच्या गवताचा उतार ओळखतात, त्यांच्याहून चांगला गुरू कोण मिळणार.

प्रश्न: रिटायर झालोय, नागपूर. क्लब आहेत पण बॉल हरवून हरवून खर्च वाढलाय.

उत्तर: काका, तळ्यातून काढलेले बॉल विकत मिळतात ते घ्या, पण दर वेळी एकाच मॉडेलचे, नाहीतर पटिंगचा अंदाज सारखा बदलतो. चरे पडलेले चिपिंगच्या सरावाला ठेवा. आणि ग्लोव्ह बॅगेत चुरगळून टाकू नका, खेळून आल्यावर सावलीत पसरून वाळवा, उन्हात चामडं कडक होतं.