शोधाचं पेटंट कसं घ्यायचं, हे शिकायला चांगली साधनं कुठे मिळतील?

पाया पक्का करायला 'वायपो', म्हणजे जागतिक बौद्धिक संपदा संघटना, पुरेशी आहे. तिच्या अकादमीचा डीएल-१०१ हा ऑनलाइन कोर्स मोफत आहे. पेटंटचा मसुदा कसा लिहावा, यावरची पुस्तिकाही तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळते.

पण पेटंट खरं समजतं ते इतरांची पेटंट वाचूनच. एस्पसनेट, पेटंटस्कोप आणि गूगल पेटंट्स हे तिन्ही डेटाबेस मोफत आहेत. नुसत्या शब्दांनी शोधलं की बरंच निसटतं, कारण तुम्ही जिला छत्री म्हणता तिला अर्जात 'घडी होणारं आच्छादन' म्हटलेलं असू शकतं. म्हणून आधी शब्दांनी दोन-तीन जवळची पेटंट गाठा, त्यांवरचा सीपीसीचा, म्हणजे पेटंटच्या विषयवार वर्गीकरणाचा, कोड टिपा (छत्र्यांचा ए४५बी) आणि मग त्या कोडखाली शोधा. सापडलेल्या पेटंटने कोणाचे दाखले दिलेत आणि पुढे त्याचा दाखला कोणी दिला, तेही उघडून बघा.

वाचताना चित्रांवर थांबू नका, थेट पहिल्या क्लेमवर, म्हणजे पेटंट नेमकं कशावर हक्क सांगतं त्या वाक्यावर जा. त्याचे घटक एकाखाली एक लिहा आणि समोर आपल्या शोधात तो घटक आहे की नाही, ते मांडा. युरोपियन पेटंट रजिस्टरमध्ये अर्जाची पूर्ण फाइल मोफत दिसते, त्यातला सर्च रिपोर्ट, म्हणजे परीक्षकाला सापडलेल्या आधीच्या दस्तऐवजांची यादी, जरूर वाचा. तिथे 'एक्स' म्हणजे तो एकच दस्तऐवज क्लेमला आडवा येतो, 'वाय' म्हणजे दुसऱ्याशी जोडल्यावर येतो, 'ए' म्हणजे केवळ पार्श्वभूमी. परीक्षकाच्या हरकतीनंतर अर्जदाराने क्लेम कसा आवळला, हे त्या फाइलमध्ये दिसतं. माझ्या मते कुठल्याही कोर्सपेक्षा हे जास्त शिकवतं.

शोधात काही सापडलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. अर्ज साधारण १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतात, त्यामुळे ताजे अर्ज दिसतच नाहीत.

आणि कृपा करून, अर्ज करण्याआधी शोधाचा व्हिडिओ टाकू नका. काही देश अशा प्रसिद्धीनंतरही अर्ज करायला सवलतीची मुदत देतात. युरोपात मात्र स्वतःच केलेल्या प्रसिद्धीनेही नावीन्य जातं. पहिल्या अर्जापासून इतर देशांत जायला १२ महिने मिळतात. त्या मुदतीत पीसीटी अर्ज, म्हणजे अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय अर्ज केला, तर देशोदेशी अर्ज नेण्यासाठी पहिल्या अर्जाच्या तारखेपासून बहुतेक ठिकाणी ३० महिने. 'जागतिक पेटंट' असं काही नसतं, तसं विकणाऱ्यांपासून लांब राहा.

नियम आणि फी मात्र आपल्या देशाच्या पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच तपासा. क्लेम लिहायला पेटंट एजंट घ्या आणि पहिल्या भेटीला घटकांचा तो तक्ता सोबत न्या.