आधी वहीचा समास पाहा

प्रिय मुली,

उंदरांना वाटणारी भीती क जीवनसत्त्वानं कमी होते का, हा विषय तू घेतलास, फार बरं वाटलं. यवतमाळकडच्या आडगावच्या कॉलेजात असं काम म्हणजे निम्मा जीव ऊन आणि विजेपायीच जातो. म्हणून आधी माझी चूक ऐक.

आमचं ॲनिमल हाऊस रस्त्याला लागून होतं. वैशाख होता. कंट्रोलचे, म्हणजे जीवनसत्त्व न दिलेले, सगळे उंदीर मी एका दिवशी प्लस मेझवर सोडले, जीवनसत्त्व दिलेले दुसऱ्या दिवशी. हा मेझ म्हणजे अर्धा मीटर उंचीवर लाकडी फुली, दोन बाजूंना भिंती, दोन उघड्या. उंदराला उघड्यावर भीती वाटते, पण नवी जागा हुंगल्याशिवायही राहवत नाही. पाच मिनिटांत तो उघड्या बाजूंवर किती वेळ गेला, ते मोजायचं. माझे कंट्रोलचे उंदीर भिंतीशी अंग चोरून लेंड्या टाकत बसले. दुसऱ्या दिवशीचे थेट टोकापर्यंत जाऊन खाली वाकून पाहत होते. मी हरखलो. दोन महिन्यांनी वही चाळताना समासात माझ्याच अक्षरात एक शब्द दिसला: 'वरात'. पहिल्या दिवशी दुपारभर बाहेर बँड वाजत होता. तो फरक मी जीवनसत्त्वाच्या नावावर जमा केला होता. सगळं पुन्हा करावं लागलं.

तेव्हा दोन्ही गटांतले उंदीर रोज मिसळून घे, चिठ्ठ्या टाकून, ठरल्या वेळीच. मोजणाऱ्याला गट कळता कामा नये. जीवनसत्त्व पाजायची नळी घशात जाण्याचीच उंदराला धास्ती असते, म्हणून कंट्रोललाही तेवढंच साधं पाणी त्याच नळीनं दे. डायझेपामचा, म्हणजे भीती कमी करणाऱ्या ओळखीच्या औषधाचा, एक गट ठेव. त्यातही भीती कमी दिसली नाही, तर दोष तुझ्या मांडणीत शोध. बारा तास उजेड, बारा तास अंधार हे चक्र लोडशेडिंगनं मोडलं, तर तारीख-वेळ लिही.

आणि शेपटीला धरून उचलू नको गं. हर्स्ट आणि वेस्ट या संशोधकांनी 2010 मध्ये छोट्या उंदरांवर दाखवलं, की ओंजळीत किंवा नळकांड्यातून उचललेले उंदीर शेपटीनं उचललेल्यांपेक्षा कमी घाबरतात. पहिला आठवडा औषधाचं नावच काढू नको, रोज नुसतं ओंजळीत घे. तुझा हात त्यांच्या ओळखीचा होऊ दे.

तुझी माय विचारेल, "मग तुझ्या बाबांना देऊ का त्या गोळ्या?" तिला नीट सांग, उंदराचं यकृत क जीवनसत्त्व स्वतःच तयार करतं, माणसाचं करत नाही, पिंजऱ्यातला निकाल उचलून घरात आणता येत नाही. कापसाच्या हिशेबापायी बाबांची झोप उडाली असेल, तर त्यांच्याजवळ बस, जिल्हा रुग्णालयात ने. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, घरात लिहून ठेव.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आल्याशिवाय पिंजऱ्याला हात लावू नको. दिवाळीला येशील तेव्हा कच्ची वही आण, स्वच्छ उतरवलेली नको.

तुझे सर