अध्यात्म आणि राजकीय प्रचार दोन्ही एकाच चित्रात, असं भारतातलं एखादं उदाहरण आहे का?

आहे की, अवनींद्रनाथ टागोरांची भारतमाता, 1905 चं चित्र. बंगालच्या फाळणीवरून वातावरण तापलेलं तेव्हाचं. पण चित्र बघाल तर त्यात नकाशा नाही, सिंह नाही, शस्त्र पण नाही, नुसती भगव्या वस्त्रातली जोगीण वाटेल अशी बाई, डोक्यामागे प्रभावळ, पायाशी पांढरी कमळं, आणि चार हात म्हणून कळतं की देवी आहे. आता त्या हातांत काय आहे ते नीट बघा, पोथी, भाताच्या लोंब्या, पांढरं कापड आणि जपमाळ, म्हणजे शिक्षण, अन्न, वस्त्र, दीक्षा, थोडक्यात स्वदेशीचा अख्खा जाहीरनामाच हो! रंग पण धुक्यासारखे पुसट, ते जपानी चित्रकारांकडून शिकलेलं वॉश टेक्निक, म्हणजे पाण्याने पातळ केलेल्या रंगांचे हात एकावर एक देत जायचे, त्याने गूढपणा येतो. विवेकानंदांच्या शिष्या भगिनी निवेदितांनी तर हे चित्र डोक्यावरच घेतलं होतं. आणि याचीच मोठी प्रत करून मिरवणुकीत बॅनर म्हणून नेली. माझ्या मते प्रचारचित्र म्हणून ते जरा जास्तच शांत आहे, नंतरच्या कॅलेंडरवाल्या नकाशा-सिंहवाल्या भारतमाता प्रचाराला जास्त कामी आल्या, पण चित्र म्हणून याची सर त्यांना नाही.